कलम चौदाची शेवटची ओळ

वसईच्या सेलेस्टीनने लंडनच्या पालिकेत बावीस वर्षं कारकुनी केली. ऑन्टारिओतलं लंडन, हे गावी फोन केला की दरवेळी सांगावं लागे. पाइप ज्याच्या दारात फुटतो, त्याला तो दुरुस्त करायची मुभा हवी. शासनाबद्दल तिला एवढंच कळत होतं, पण पक्कं कळत होतं. म्हणूनच निवृत्तीनंतर ओळखीच्या विलासरावांनी तिला टोरांटोतल्या आपल्या सल्लागार संस्थेत बोलावून घेतलं. दूरच्या एका देशात तीस वर्षांची यादवी संपून तह झाला होता. राजधानीचे अधिकार प्रांतांना द्यायचे होते आणि त्या कायद्याचा मसुदा ही संस्था करत होती.

सेलेस्टीन तिकडे दोनदा जाऊन आली. डोंगरी प्रांताच्या परिषदेला तिने शब्द दिला: शाळा, पाणी, दवाखाने तुमच्या हाती. अध्यक्षबाईंचे दोन भाऊ लढाईत गेले होते. त्यांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. परत येऊन तिने कलम चौदा स्वतः लिहिलं.

ऑफिसात सगळं ईमेलवर चाले. या दोघांचं मात्र मराठीत, चहाबरोबर, तोंडी. आपल्या माणसाकडे लेखी काय मागायचं? राजधानीचा दबाव वाढतोय, असं विलासराव एकदा म्हणाले, तेव्हा कलम चौदाला हात लावू नका, असं तिने बजावलं.

"ताई, मी आहे ना."

तिने शेवटचा मसुदा मागितलाच नाही.

कायदा मंजूर झाला आणि तिने तो वाचला. कलमाच्या शेपटाला एक ओळ चिकटली होती: हे अधिकार केंद्राच्या पूर्वसंमतीने वापरावेत.

ती तडक टोरांटोला गेली. त्या ओळीमुळेच तह टिकला, असं विलासरावांनी शांतपणे समजावलं. शिवाय तिची हरकत नोंदीत कुठेच नव्हती.

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"चहा पिताना, ताई. त्याला ऑफिशियल कसं म्हणू?"

तीन दिवसांनी अध्यक्षबाईंनी आभार मानायला व्हिडिओ कॉल केला. कायद्याची प्रत अजून डोंगरात पोचली नव्हती. मागे परिषदेची माणसं ठेवणीतले कपडे घालून उभी होती. सेलेस्टीनने ती ओळ वाचून दाखवली.

"म्हणजे आमच्या शाळेवर मास्तर नेमायचा तर?"

"राजधानीला विचारावं लागेल."

"ते तर पूर्वीही विचारत होतो," बाई म्हणाल्या आणि वळून आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगू लागल्या. सेलेस्टीनला एक शब्द कळत नव्हता. चेहरे एकेक करून तिच्याकडे वळत होते. तिने कॅमेरा बंद केला नाही.