सुकवारोची हजेरी

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, दुपारी अडीच वाजता, अमरावती रोडवरच्या वाडी गावातल्या एका शाळेत, प्रशिक्षणाला आलेल्या चाळीस शिक्षकांची हजेरी घेताना प्रशिक्षक बाई थांबल्या, शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बस बेटा." त्या बाकावर कोणी नव्हतं. मी दाराजवळ बसलो होतो.

शिक्षणाच्या बातम्या करत असल्यामुळे बाईंची प्रशिक्षणं मी सहा वर्षं पाहिली. वेगवेगळ्या भाषांची, जातीधर्मांची मुलं एका वर्गात असतील तर नागरिकत्व कसं शिकवायचं, हा विषय. सुरुवात हजेरीने. हातात पट, पण नजर समोर. मोबाइलमध्ये बघत कोणी 'हजर' म्हटलं की बाई म्हणत, "मान वर करा."

जरीपटक्याच्या एका गुरुजींनी एकदा तोंडावर विचारलं, "मॅडम, आमाले संविधान शिकवाचं हाय. तुमी हजेरी काहून शिकवून राहिल्या?"

"हजेरी येत नाई तुमाले. संविधान कुठून येईन गा?"

एक तास कोणी आपली भाषा बोलायची नाही, असाही त्यांचा एक खेळ होता. काटोलच्या एका गुरुजींना त्या तासात लघवीला जायचं होतं. ते खुणा करत राहिले. पाऊण तास कोणाला कळलं नाही. सुटताच धावले. परतल्यावर बाईंनी विचारलं, "काय शिकले?"

"पाणी कमी प्याचं."

सगळ्यांत जास्त बाईच हसल्या. मग म्हणाल्या, "लेकरंबी तेच शिकते."

पटावरचं शेवटचं नाव मात्र हजर असलेल्यांपैकी कोणाचंच नसे. सुकवारो. ते पुकारून बाई मिनिटभर समोर पाहत आणि पट मिटत.

त्याची हकीकत त्यांनी मला एकदा चहा घेताना सांगितली. वीस वर्षांपूर्वी बाई वाडीच्या याच शाळेत शिकवत असताना गोदामात हमाली करणाऱ्या एका छत्तीसगढी कुटुंबातली सुकवारो तिसरीत आली; शुक्रवारी जन्मली म्हणून हे नाव. तिच्या आधीच्या शाळेत नाव पुकारलं की उभं राहायची पद्धत होती. ती रोज उभी राहायची, न बोलता. बाई पटात मान घालून आवाजाची वाट पाहत आणि गैरहजेरी मांडत. महिनाभराने त्यांनी ते नाव लाल शाईने कापलं.

बाप शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला, तेव्हा बाई म्हणाल्या, तुमची मुलगी शाळेत येतच नव्हती. पहिल्या बाकावरची एक मुलगी बोलली, "थे तं रोज उभी राहे, मॅडम. तुमी पाहेच नाई."

बाईंनी दाखला उद्या देते म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाची खोली रिकामी होती.

"दाखल्याबिगर तिले कोन्या शाळेनं घेतलं असन का?" बाईंनी मला विचारलं. दाखला त्यांच्या पर्समध्ये होता, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. दर रविवारी त्या गोदामांमधून चौकशी करत फिरत.

त्या शुक्रवारी 'बस बेटा' म्हटल्यावर बाईंनी पटात सुकवारोच्या नावापुढे हजेरीची खूण केली आणि पाच वाजेपर्यंत नेहमीसारखं शिकवलं. नंतर मी शिक्षकांना विचारलं. मागचा बाक करकरल्याचं बहुतेकांनी ऐकलं होतं. पाहिलं कोणीच नाही. माना बाईंकडे होत्या.

शनिवारी दुसऱ्या दिवसाचं प्रशिक्षण होतं. बाई आल्या नाहीत. फोन बंद. घराला कुलूप.

फाटकावरच्या शिपायाला मी विचारलं.

"पाच वाजता गेल्या ना साहेब. हाती कागद होता. संग एक पोरगी होती. मले वाटलं नात असन."

बाई एकट्या राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पोलिसांत बेपत्ता झाल्याची नोंद आहे. बाईंच्या फोनचा शेवटचा ठावठिकाणा अमरावती रोडवरच्या गोदामांजवळचा, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांचा आहे.