कोयनेचा खुराक

बायको सुमेधा गेल्यावर पाचव्या महिन्यात विष्णू निकमांनी घोडी आणली, तेव्हा चँडलरच्या मराठी मंडळात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एकटा पडला म्हणून माणूस कुत्रा आणतो, फार तर गाणं शिकायला जातो. या बाबानं थेट रानटी घोडी आणली! आणि माणूस काही धाडसी वगैरे नव्हे हो. चिप बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं काढलेला इंजिनिअर, मोज्यांच्या जोड्यांनासुद्धा नंबर घालणारा.

इथे अमेरिकन सरकारच्या मोकळ्या रानात हे घोडे पिढ्यान्पिढ्या भटकत असतात. फार झाले की हेलिकॉप्टरनं हाकून आणतात आणि ज्याला सांभाळायची हौस असेल त्याला देतात. पहिलं वर्ष मात्र जनावर कागदावर सरकारचंच. वर्षानंतर व्हेटनं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं, ‘नीट सांभाळलंय’ म्हणून सही दिली, की मगच ते तुमचं. विष्णूकाका हे घोडे वाटतात त्या मैदानावर नुसते बघायला म्हणून गेले होते. पस्तीस घोडे होते. एका कोपऱ्यात राखाडी घोडी उभी, मानेवर सरकारी नंबर, आणि बरगड्या अशा वर आलेल्या की लांबून मोजाव्यात. सुमेधाही शेवटी अशीच झाली होती. काकांनी तिथेच अर्ज भरला.

घोडीचं नाव त्यांनी ठेवलं कोयना, कारण काका मूळचे कराडचे. त्यांचे मित्र चंद्रशेखर, रिटायर्ड भूलतज्ज्ञ आणि महा खवचट, म्हणाले, “नदीचं नाव ठेवलंस ते ठीक, पण तिथं भूकंप होतात रे बाबा!” सगळे हसले. काकाही हसले.

मागच्या अर्ध्या एकरात नियमाप्रमाणे सहा फुटी लोखंडी कुंपण झालं आणि काका रोज सकाळी आत जाऊन उभे राहू लागले. रानटी घोड्याला शिकवायची पद्धत साधी, पण माणसाचा अंत बघणारी. दोन पावलं पुढे जायचं. घोडी पळाली तर थांबायचं. तिनं क्षणभर जरी आपल्याकडे तोंड वळवलं, की लगेच मागे सरकायचं, तेच तिचं बक्षीस. एकोणीस दिवस काकांना फक्त धूळ मिळाली. विसाव्या दिवशी कोयनेनं नाक पुढे करून त्यांच्या मनगटाचा वास घेतला, आणि काका तिथेच उभ्या उभ्या रडले. त्यांनी मुलीला फोन केला. आश्लेषा फिनिक्समध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, “बाबा, दॅट्स अमेझिंग! बट प्लीज, फक्त गवत द्या तिला. शीटवर लिहिलंय ना?”

घोडीबरोबर आलेल्या सरकारी शीटवर लिहिलं होतंच. साधं वाळलं गवत, पाणी, मीठ. गोड काही नको. काकांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि कागद फ्रिजवर लावला.

पण फ्रिजवर त्याच जागी चौदा वर्षं दुसरा कागद होता, सुमेधाच्या डायबेटिसचा. काय खायचं, किती ग्रॅम, किती वाजता. पोळीसुद्धा तराजूत टाकून वाढायची, असा यांचा खाक्या. शेवटच्या गौरीजेवणाला ती म्हणाली, “अहो, अर्धी पुरणपोळी द्या ना.” काका म्हणाले, “उद्या रिपोर्ट आहेत. परवा खा.” परवा ती आयसीयूत होती आणि त्यानंतर तिनं तोंडानं काही खाल्लंच नाही. ही गोष्ट काकांनी कुणालाच सांगितली नव्हती. पण एकट्यानं जेवायला बसले की ताट तसंच राहायचं, म्हणून ते ताट घेऊन कुंपणापाशी बसू लागले.

मग एक दिवस कोयनेनं कुंपणाच्या गजांतून नाक काढून त्यांच्या ताटाकडे बघितलं, आणि काकांनी चतकोर पोळी पुढे केली. एवढंच निमित्त. पुढे पोळीवर गूळ आला. त्यांच्या आजोबांचा कराडला टांगा होता आणि घोड्याला रोज भिजवलेले हरभरे नि गुळाचा खडा असायचा. “आमचा घोडा वीस वर्षं जगला,” असं काका ठासून सांगत. अहो, पण तो घोडा दिवसभर स्टेशनच्या फेऱ्या मारून घाम गाळायचा! ही बाई तर अर्ध्या एकरात नुसती उभी. हा हिशेब इंजिनिअरला सुचू नये? सुचला नाही खरा. अर्विंगला राहणाऱ्या बहिणीला सांगून त्यांनी चांगला सेंद्रिय गूळ मागवला आणि त्याचे खडे शर्टाच्या खिशात ठेवू लागले. कोयना आता खिशातच तोंड घालायची.

दिवाळीला मंडळाचे लोक फराळाला आले. कोयनेच्या बरगड्या गेल्या होत्या आणि मानेवर वळी चढली होती. “वा, काय अंग धरलंय!” म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. कुणी चकली दिली, कुणी बेसनाचा लाडू. चंद्रशेखर मात्र कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले. “विष्णू, हिची चाल बघ रे. खडीवरून येताना दबकत येते.”

“तू माणसं झोपवायचास. घोड्यांतलं तुला काय कळतं?” काका फटकन म्हणाले.

बघितलं काकांनीही होतं. डिसेंबरात ती सकाळी पाय बदलत उभी राहायची, आधी हा, मग तो. एकदा त्यांनी खुरावर हात ठेवला तर थंडीच्या दिवसांत खूर गरम लागला. मग ते स्वतःलाच म्हणाले, ऊन असेल. पाय दुखून सुमेधा चपला काढून भिंत धरून चालायची, तेव्हाही ते असंच काहीतरी म्हणाले होते. मुलीला फोनवर ‘मस्त आहे कोयना’ सांगून ते मोकळे व्हायचे आणि त्या दिवशी एक खडा जास्त द्यायचे.

फेब्रुवारीत वर्ष भरलं. व्हेटच्या सहीचा फॉर्म आला आणि काकांनी तो तीन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवला. शेवटी आश्लेषानंच परस्पर व्हेटला बोलावलं, वडिलांना सरप्राइज म्हणून. येताना केकही आणला.

डॉक्टर बिगे फाटकापाशी आल्या आणि थबकल्या. कोयना पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. डॉक्टरांनी फॉर्म बॅगेत सरकवला आणि जागेवरच खुरांचा एक्स-रे काढला.

“खुराच्या आतलं हाड सुटून खाली आलंय, दोन्ही पायांत,” त्या म्हणाल्या. “हे आता परत बसत नाही. उभं राहणं हाच तिला छळ आहे. काय खायला घालत होतात?”

आश्लेषानं काकांच्या खिशाकडे बघितलं. गुळाचा चिकट डाग कधीचा पडलेला होता.

“हे घोडे वाळक्या गवतावर जगायला बनलेत,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या. “एवढी साखर गेली की इन्सुलिन चढतं, आणि पाय जातात.”

“लाइक आई,” आश्लेषाच्या तोंडून निघून गेलं.

काका पालथ्या बादलीवर बसले. म्हणाले, “अर्धी पुरणपोळी मागितली होती तिनं. मी दिली नाही. तिला न देऊन मारलं मी, आणि हिला देऊन.”

“बाबा, आईला तुम्ही नाही मारलं,” आश्लेषा त्यांच्यापाशी बसत म्हणाली. घोडीबद्दल ती काही बोलली नाही.

कोयना अजून सरकारची होती, म्हणून डॉक्टरांनी सरकारी ऑफिसला फोन करून तिला कायमचं झोपवायची परवानगी घेतली. मग इंजेक्शन भरत त्या म्हणाल्या, “तिला आवडतं ते द्या आता. आता काही बिघडत नाही.”

काका उठले. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. वर्षभर जे बिनदिक्कत दिलं, ते आता देववेना. तेवढ्यात कोयनेनंच एक पाऊल टाकलं. त्या पायावर, त्या दुखण्यावर टाकलं, आणि नेहमीसारखं नाक त्यांच्या खिशाला लावलं. तिला काय ठाऊक! तिचा या माणसावर विश्वास होता. काकांनी खडा काढून तिच्यापुढे धरला आणि तिनं तो खाऊन त्यांचा तळवा चाटून साफ केला.