गणूमिस्त्रींचं तांब्याचं ठिगळ

खालापूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कामाला तिघं आणि गप्पांना तेरा. किस्से साचायला आणखी काय लागतं! पण सगळ्यांत जास्त साचले ते एका होडीच्या मोटरचे, म्हणून आज तेवढेच सांगतो.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्याचा जुना माल विक्रीला निघाला. आपटा गावाच्या खाली, आमचीच नदी जिथे खाडी होते तिथे उतारूंची होडी चालवणाऱ्या धर्माने त्यातली एक मोटर घेतली. होडीच्या मागे अडकवायची. तिचा पाण्यात राहणारा पाय अ‍ॅल्युमिनियमचा. रंगाला फोड आलेले, खाली पांढरी पूड आणि एका जागी बोट जाईल एवढं भोक.

पलीकडच्या काठावर दुसऱ्या एकाने मोटरची होडी आणली होती. धर्माची मोटर जत्रेपर्यंत सुरू झाली नाही, तर दोन्ही काठांवरची गावं उतारूंचं काम त्याच्याकडून काढून त्या दुसऱ्याला देणार होती. जत्रेला दोन महिने असताना तो मोटर आमच्याकडे घेऊन आला.

*

आमचे मालक गणूमिस्त्री मूळचे तांबट. त्यांनी पूड बोटाने चोळून पाहिली. तांब्याला हिरवं चढतं, ह्याला पांढरं, दुखणं एकच, असं निदान झालं. औषधही एकच, चिंच आणि राख!

दोन दिवस आम्ही तो पाय घासत होतो. मिस्त्रींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, दारातून बघून गेल्या आणि घरातली खरकटी भांडी आणून शेजारी ठेवली. तीही घासावी लागली.

*

भोकावर मिस्त्रींनी तांब्याचं ठिगळ बसवलं, अगदी नक्षीकामासारखं. वरून तेलात कालवलेल्या शेंदराचा पहिला हात दिला आणि पाय आंब्याखाली वाळायला उभा केला.

दुपारी जेवून येतो तर समोर नारळ फुटलेला, झेंडू वाहिलेला. बाजाराला निघालेल्या दोन बाया हात जोडून उभ्या! मी पाय उचलायला गेलो, तर मिस्त्रींनी अडवलं.

"आज राहू दे रं. काळा रंग उद्या देऊ."

*

मोटर आमच्या नदीत आठ दिवस चालवून पाहिली. थेंब आत गेला नाही. धर्मा खुशीत घेऊन गेला, आणि महिन्याने बैलगाडीत घालून परत घेऊन आला.

ठिगळ जसंच्या तसं होतं. त्याच्या भोवतीचा पायच खाल्ला गेला होता!

"मिस्त्री, तुमचं काम शाबूत हाय," धर्मा म्हणाला. "माझी मोटर तेवढी गेली."

मला हसू आलं, पण मिस्त्रींचा चेहरा पाहून वाईट वाटलं. नदी तीच, पण आमच्याकडे गोड आणि त्याच्याकडे खारी. खाऱ्या पाण्यात तांबं शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला खातं, हे आम्हा नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांना कुठून ठाऊक असणार?

*

मिस्त्रींनी काकूंचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कापलं. ठिगळ त्याचं, रिवेटही त्याचेच. रंगाचे तीन हात झाले. मग पिंपात मिठाचं पोतं ओतून पाय दहा दिवस बुडवून ठेवला. रोज सकाळी मिस्त्री आधी पाणी चाखायचे, मगच चहा. काकू मात्र दहाही दिवस बोलल्या नाहीत.

*

जत्रेच्या दिवशी आम्ही खाडीवर गेलो. दोन्ही काठांवर माणसं बघायला जमलेली. गणूमिस्त्री जन्मात होडीत बसले नव्हते. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी चढले, दोन वल्ही घेऊन.

"मोटर हाय ना आता? वल्ही कशाला?" धर्माने विचारलं.

"मोटर मी दुरुस्त केलीय, धर्मा."

धर्माने दोन्ही वल्ही उचलून काठावर ठेवली आणि मोटरची दोरी ओढली.