डहीच्या विहिरीची मनुहार

देवासच्या आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी दरबाराचं दफ्तर सांभाळलं. चौथ्या पिढीतली मी भूजल खात्यात लागले, पण बैठकीतली माझी खुर्ची ठरलेली: कोपऱ्यातली, टिपण लिहिणारीची. "मैडम के यहाँ तो पुश्तों से लिखा-पढ़ी है," असं म्हणत साहेब कागद माझ्याकडे सरकवतात. भूगर्भशास्त्रातली माझी पदवी तेवढ्यापुरती रजेवर जाते.

त्या दिवशी बैठक धारला होती आणि विषय होता समन्वय. जमिनीखालचं पाणी एकच असलं तरी त्यावर पैसा घालणारी सरकारी खाती तीन आहेत. आमचं खातं विहिरींची पातळी मोजतं. दुसरं संशोधनाला निधी देतं, आणि मोजमापाशिवाय संशोधन कसलं म्हणून तेही मोजतं. तिसरं पिण्याच्या पाण्याची कामं करतं आणि मोजतंही, कारण त्याचा पहिल्या दोघांवर विश्वास नाही. त्यामुळे एकाच विहिरीवर वर्षातून चारदा तीन जीपा यायच्या आणि तीन टेपा सोडायच्या. शेवटी वरून हुकूम आला: एका विहिरीवर एकाच खात्यानं खर्च करावा, कोणती कोणाची ते आपसात ठरवा.

आपसात ठरवा म्हणे! माळव्यात पाहुण्यानं कितीही नको म्हटलं तरी त्याच्या ताटलीत तिसरी जलेबी पडलीच पाहिजे, या आग्रहाला मनुहार म्हणतात. पोहे-जलेबी आटोपली आणि तीच मनुहार विहिरींची सुरू झाली. "आप रखो साब." "अरे नहीं भिया, पहला हक आपका." मांडूच्या विहिरीपाशी मात्र मनुहार एकदम थांबली. पावसाळ्यात सरकारी जीपनं मांडूला जायचं, बायकामुलांना महाल दाखवायचे, भुट्टे खायचे आणि जाता जाता पाणी मोजायचं, हे सुख कोण सोडेल? ती विहीर तिन्ही खात्यांकडे राहिली. कारण म्हणून "वैज्ञानिक महत्त्व" असं मीच लिहिलं.

मग डहीजवळची विहीर निघाली. डही म्हणजे जिल्ह्याचं दक्षिण टोक. जाऊन येण्यात दिवस मोडतो आणि तिथे महालही नाहीत. इथे मनुहारीला असा काही ऊत आला की तिन्ही साहेब हात जोडून उभे राहिले. जेवणाची वेळ टळत होती. मी लिहिलं, "ही विहीर परस्पर सहमतीने सोपवण्यात आली." कोणाला, ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं, मला भूक लागली होती. प्रत्येक खात्यानं माझं टिपण जोडलं आणि मोठ्या मनानं ती विहीर आपल्या यादीतून काढून दुसऱ्याला दिली.

त्या विहिरीवर आमच्या जीपांच्या मधल्या काळात दर पंधरवड्याला आमच्या खात्यासाठी पाणी मोजणाऱ्या एक बाई होत्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. वर्षभरानं त्यांचा फोन आला. "मैडम, हमारा कुआँ कहाँ गया?"

त्यांची सगळी वस्ती त्याच विहिरीचं पाणी पिते. उन्हाळ्यात दोराला दोर जोडावा लागतो, म्हणून पाणी मुरवायला वरच्या अंगाला एक तळं मागायला त्या कचेरीत गेल्या होत्या. तळं मिळतं ते नोंदीत काही वर्षं पाणी सलग उतरताना दिसलं तरच. कारकुनानं तिन्ही याद्या पाहिल्या आणि अशी विहीरच नाही म्हणून सांगितलं.

मी तिन्ही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. "हमने तो उनको दे दिया था," हे तिन्हीकडे ऐकलं, आणि पुरावा म्हणून तिन्हीकडे माझंच टिपण पुढे आलं. अखेर आमच्याच खात्यातले, मूळचे देवास जिल्ह्यातल्या खातेगांवचे एक साहेब म्हणाले, "ले लेंगे. बस मधल्या वर्षाचं रीडिंग आणा, रेकॉर्ड टूटना नहीं चाहिए." मी निर्धास्त झाले. मोजणं चुकवणाऱ्यांतल्या त्या बाई नव्हत्या.

डहीला गेले. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली. पानंच्या पानं सुरेख भरलेली, आणि मग एकदम कोरी.

"नापा नहीं?"

"आपका ही तो कागज आया था. लिखा था, यहाँ का काम बंद. तो बंद."

कागद वहीतच नीट घडी करून ठेवला होता. खाली माझी सही; यादीतून काढलेल्या विहिरींच्या छापील पत्रांवर मी न वाचताच सह्या केल्या होत्या. एवढ्या मोठ्या यंत्रणेत आमचा कागद खरा मानणारं एकच माणूस होतं, आणि त्याचाच आम्ही घात केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अंदाज से भर दें? दोर किती जोडला ते आठवत असेल ना?"

आमच्यात याला खोटं म्हणत नाहीत, रेकॉर्ड पूर्ण करणं म्हणतात. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "जो देखा नहीं, वो कैसे लिखूँ? आप लिखती हैं?"

मांडूचं वैज्ञानिक महत्त्व आठवलं आणि मी पेनाला टोपण लावलं.

त्यांनी टेप काढली, टोकाला खडू फासला आणि विहिरीत सोडली. सोडतच राहिल्या. वर ओढल्यावर खडूवर जिथे ओली खूण होती, तो आकडा आम्ही दोघींनी दोनदा वाचला. शेवटच्या नोंदीपेक्षा पाणी माझ्या उंचीहून जास्त खाली गेलं होतं. बाईंनी ते कोऱ्या पानांच्या पुढे लिहिलं. कोरी पानं कोरीच ठेवली.

साहेबांच्या फॉर्मवर त्या वर्षासमोर मी "मोजले नाही" लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "समन्वय". साहेब हसले, मग हसायचे थांबले. "मैडम, कारण बदल दो. कुछ भी लिख दो, बीमारी लिख दो."

मी बदललं नाही. विहीर यादीत परत आली, पण नोंद तुटली म्हणून तळ्यासाठीची वर्षं आता पहिल्यापासून धरायची. हे सांगायला मी बाईंना फोन केला.

"अबकी कागज में लिखा ना, किसको दिया?"

"लिहिलंय."

"किसको?"

"मला," मी म्हटलं. दर पंधरवड्याला त्या मला आकडा सांगतात. पाणी अजून एकदाही वर आलेलं नाही.