माळ्यावरची मोटर आणि हरेशसेठची गाडी

नाव हिरामण गोमा भोईर. वय सत्तावन्न, कागदोपत्री चोपन्न. राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. व्यवसाय मोटर मेकॅनिक. ठिकाण उल्हासनगर, कॅम्प नंबर चार, हरेशसेठच्या फर्निचर गोदामामागील पत्र्याची शेड. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्याच्या नखात कायमस्वरूपी ग्रीस. सदर इसमाकडे गेली अकरा वर्षे सन १९६९ ची एक विदेशी मोटार देखभालीस असून मोटारीशी त्याची वर्तणूक समाधानकारक आहे. मोटारीची त्याच्याशी असलेली वर्तणूक वेळोवेळी बदलते.

मोटार म्हणजे मसल कार, दांडग्या इंजिनाची अमेरिकन जात. दोन दरवाजे, आठ सिलिंडर, आणि बॉनेट एवढं लांब की चौकात ते आधी वळतं आणि हरेशसेठ जरा वेळाने. सेठच्या वडिलांनी ती मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. मार्चमध्ये तिचा फ्युएल पंप गेला. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बुरेटरला पोचवणं एवढंच त्याचं काम, पण पन्नास वर्षांनी त्याचा आतला रबरी पडदा फाटला. हिरामणने ॲम्बेसेडरचा पंप जमवून बसवला. गाडी चालायची, जोर मागितला की मात्र विचारात पडायची. चार सिलिंडरच्या पंपाने आठ जणांची पंगत कुठवर वाढायची?

हरेशसेठ वैतागले. मुंबईत जुन्या गाड्यांचं एक वर्कशॉप आहे, तिथली माणसं हातमोजे घालून काम करतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी निकाल दिला : येत्या रविवारी गाडी शहाडहून बदलापूरला जाऊन न थांबता परत आली तर ठीक. नाहीतर सोमवारी ट्रेलर येईल आणि गाडी कायमची मुंबईला. हिरामण बरं म्हणाला. त्या दिवशी त्याने डबा तसाच परत नेला.

सेठची मुलगी सोनिया हिरामणच्या बाजूची. गाडी तीच चालवते. तिने इंटरनेटवर शोधून दोन इलेक्ट्रिक पंप मागवले. एक मोठा, नव्या गाड्यांसाठीचा, चाळीस पौंड दाबाने पेट्रोल फेकणारा. दुसरा मुठीत मावेल एवढा, सहा पौंडांचा. सेठना अर्थातच मोठा आवडला. हिरामणने त्यांना समजावलं की जुन्या कार्बुरेटरला सहा पौंड पुष्कळ झाले. हा मोठा लावणं म्हणजे तान्ह्या बाळाला फायर ब्रिगेडकडून दूध पाजणं. सेठनी बाळाचा विचार केला आणि माघार घेतली. लहान पंप ठरला.

कुठे लावायचा, हा प्रश्न हिरामणला पडलाच नाही. त्याने तो बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर अगदी वर ठोकला. सोनियाने खोक्यातला कागद वाचून दाखवला : पंप मागे टाकीजवळ आणि टाकीपेक्षा खाली लावावा. हिरामणचं म्हणणं पडलं की कागद लिहिणाऱ्याने जुलैतली उल्हास नदी पाहिलेली नाही. दोन हजार एकोणीसच्या पुरात मांजर्लीत त्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तेव्हापासून त्या गल्लीत ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं वर गेलं. बटणं डोक्याच्या वर, फ्रिज विटांच्या ओट्यावर, पाण्याची मोटर माळ्यावर. पाहुण्यांना पंख्याचं बटण दाबायला स्टूल देतात.

बुधवारी तालीम झाली. सोनिया चालवायला, हिरामण शेजारी. उल्हासनगर उत्तम पार पडलं. अंबरनाथच्या पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि उभी राहिली. मागच्या टेंपोवाल्याने आपली मतं हॉर्नवरून कळवली. बॉनेट उघडलं तर पंप गुरगुरत होता, हात लावला तर भाजत होता, आणि काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोलचा थेंब नव्हता. हिरामणने पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. गाडी दहा मिनिटांनी निघाली, बदलापूरच्या अलीकडे पुन्हा थांबली, पुन्हा फडकं, आणि अशी ओल्या फडक्यावर ती मांजर्लीला त्याच्या दारात पोचली.

हिरामणची बायको विठा चहा टाकायला उठली. हंडा रिकामा होता. तिने तांब्याभर पाणी घेतलं, शिडी चढून माळ्यावरच्या मोटरीत ओतलं, खाली आली, स्टुलावर चढून बटण दाबलं. मग खालच्या टाकीतलं पाणी नळाला आलं.

सोनियाने विचारलं, "काकू, ये रोज करायला लागतं?"

"रोज. वर बसवलीय ना. खालचं पाणी वरून ओढता ओढता दम लागतो तिला, मग नुसती वारा खात फिरते. खाली होती तेव्हा काय नव्हतं. पण हे ऐकतील तर ना. आता पाज बाई तांब्या."

हिरामण कपाकडे बघत राहिला. बाहेर त्याच्या पंपाला फडकं गुंडाळलेलं होतं. तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर बसून मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढताना तोही वाफच खात होता.

"पण खाली लावला आणि पाण्यात गेला तर?" त्याने विचारलं, तसं कुणालाच नाही.

"काका," सोनिया म्हणाली, "कमरेएवढ्या पाण्यात ही गाडी पप्पा बाहेर काढतील? ते तर ढग आला की कव्हर घालतात."

गुरुवारी तो गाडीखाली शिरला. टाकीच्या शेजारी, तळापेक्षा चार बोटं खाली, रबराच्या तुकड्यांवर त्याने पंप बसवला. वर इंजिनापाशी राहिली फक्त पेट्रोलची बारीक नळी.

रविवारी सोनियाने चालवलं, सेठ शेजारी, हिरामण मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. अंबरनाथच्या चढावर तो डोळे मिटून पंपाचा आवाज ऐकत होता. गाडीने चढ घेतला, एक रिक्षा, दोन टेंपो मागे टाकले, आणि बदलापूरला वळसा घालून ती शहाडला परतली तेव्हा थांबली ती सिग्नलला. सेठनी तिथेच मुंबईला फोन लावला आणि ट्रेलर नको म्हणून सांगितलं. मग मागे वळून म्हणाले, "हिरामण साईं, उद्या डबा खायचा."

सेठ गोष्टी अर्ध्यावर सोडत नाहीत. आठवड्याभरात शेडमध्ये एक लॅमिनेट केलेला कागद लागला : 'प्रमाणित करण्यात येते की श्री. हिरामण गोमा भोईर हे पंप निवड व पंप बसवणी या विषयांतील आमचे प्रमुख सल्लागार असून त्यांचा निर्णय अंतिम राहील.' खाली सही आणि फर्निचरच्या दुकानाचा शिक्का.

मांजर्लीच्या घरातली मोटर अजून माळ्यावरच आहे.