ठेवलेली फट

संध्याकाळी मी बॅग भरायला लागले की खुर्चीच्या पाठीवर दोन टिचक्या वाजायच्या. "एक फट ठेवलीये. शोध. मग जा."

हे आमचे अण्णा. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नसे. चार पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं घर, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळायचं; 'ठीक'ला ते 'सरी' म्हणत. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात चिपचे नकाशे काढतात. सेल नावाचे बारीक ठोकळे स्क्रीनवर एकमेकांना चिकटवून ओळीत बसवायचे. मध्ये फट राहिली की जागा फुकट जाते. तपासणारा प्रोग्राम असतो, पण फट नियमात बसत असली तर तो तिला सोडून देतो. अण्णा सोडत नसत. आमच्या पुऱ्या झालेल्या कामात ते मुद्दाम एक सेल केसभर सरकवायचे आणि आम्हाला शोधायला बसवायचे. असा वरिष्ठ तुमच्याही वाट्याला आला असेल. नसेल तर नशीबवान आहात.

पहिल्यांदा मला तीन तास लागले. सर्जापूर रोडची बस निघून गेली. मागे उभे राहून ते म्हणाले, "स्वल्प जवळ जाऊन बघ की. आईनं तुला भाकरी थापायला ठेवलं असतं तर बरं होतं." सगळे हसले. मी बाथरूममध्ये रडून परत आले, तर म्हणे, "सरी, डोळे धुऊन झाले. आता दिसेल."

वर्षानं मला नोकरीत कायम करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मॅनेजरला सांगितलं, "घाई नको. आणखी सहा महिने बघू." मग मात्र माझं डोकं फिरलं. या माणसाची एकदा चारचौघांत जिरवायचीच, असं मी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचं स्वतःचं काम मॅनेजरला दाखवायचं होतं. मी सकाळी लवकर येऊन त्यातला एक सेल सरकवला. केसभर नाही, चांगला ठसठशीत. मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यासमोर मी म्हणाले, "अण्णा, एक फट ठेवलीये. शोधा." मॅनेजरही खूश झाला.

अण्णा हसले, माऊस घेतला. चित्र सरकत गेलं, फट आम्हा सगळ्यांना दिसली आणि ते पुढे गेले. मागे आले, पुन्हा पुढे गेले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. तिसऱ्या वेळी कोणी हसेना.

"फट नाही. सगळं सरी आहे," ते म्हणाले.

"अण्णा, ती काय समोर आहे," मॅनेजर म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. रक्तातल्या साखरेनं अण्णांचे डोळे गेले होते. वर्षभर ते सेलचा क्रमांक टाइप करून तो सरकवायचे, त्याला बघावं लागत नाही. त्यांनी ठेवलेली ती एक फट शोधताना बाकीच्या खऱ्या फटी आमच्या आम्हीच बुजवायचो. असं त्यांनी वर्ष काढलं होतं.

"दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन लागतं," चार दिवसांनी कंपनीनं त्यांच्याकडे राजीनामा मागितला, तेव्हा कॅन्टीनमध्ये ते मला म्हणाले, न चिडता. "कंपनीच्या विम्यावर होतं ते. नोकरी गेली की तेही बंद. मला आधी विचारलं असतंस, तर सांगितलं असतं की गं."

मी माफी मागितली नाही. मला कायम केल्याचं पत्र त्याच सकाळी हातात पडलं होतं.

त्यांचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे शेवटच्या दिवशी राजीनाम्याचा कागदही मीच पुढे केला. सहीची रेघ अगदी खालच्या कडेला होती. मी त्यांचं बोट धरून तिच्यावर टेकवलं. त्यांनी सावकाश सही केली, पेनाचं टोपण लावलं.

"नीट झाली?"

अर्धी सही टेबलावर उमटली होती.

"हो," मी म्हणाले.