शेटजींवर बसवलेली घरपट्टी

प्लेग यायच्या एकदोन वर्षं आधी आमच्या गिरगावातल्या वाडीत दर रविवारी संध्याकाळी वादसभा भरत असे. एका रविवारी विषय होता, श्रीमंतांकडून जादा कर घेऊन तो गरिबांच्या सोयीला लावावा की नाही. मी 'लावावा' या बाजूने बोललो, आणि दुर्दैवाने फार छान बोललो. तेविसावं वर्ष सरत होतं, आवाज खणखणीत होता, आणि गरिबांविषयीचा कळवळा मला कुठे ठेवू नि कुठे नको असा झाला होता. विरुद्ध बाजूच्या वकिलाने एकच मुद्दा मांडला. कर शेटजींवर बसवा, शेटजी तो आपल्या भाडेकऱ्यांकडून काढतील, मग तुम्ही कोणाचं भलं केलंत? मी त्याची अशी काही टर उडवली की सभा हसून लोळायची बाकी राहिली.

अध्यक्षस्थानी शेटजीच होते. आमची वाडी त्यांची, चौपाटीच्या अंगाची दुमजली चाळ त्यांची, आणि आम्ही बसलो होतो त्या चटयाही त्यांच्याच. माझ्या सगळ्यात बोचऱ्या वाक्याला त्यांनीच आधी टाळी दिली. तरुणांनी असाच विचार केला पाहिजे, असं समारोपात म्हणाले. मी घरी आलो तो हवेतच.

मी घरपट्टीच्या कचेरीत कारकून होतो. काम सोपं असे. चाळीत जायचं, खोलीखोलीला भाडं विचारायचं, त्यावरून घराची किंमत धरायची आणि किमतीवरून पट्टी. पण आमच्या आधी मालकाचा माणूस जाऊन पढवून येई. त्यामुळे शेटजींच्या चाळीत दरसाल एकजात सगळे 'दीड रुपया' म्हणत. खरं भाडं अडीच आहे हे आम्हालाही ठाऊक असे. आम्ही दीड लिहून, शेटजींकडचं पान खाऊन परत येत असू.

त्या चाळीत तळमजल्यावर टोकाच्या खोलीत एक कोळीण राहत होती. नवरा होडीवर गेला तो परत आलाच नाही. दिरांशी पटेना म्हणून वरळीचं घर सोडून ती इथे आली होती. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला आलेली. आमच्याकडे मासळी हीच बाई देई. तिचा एक नेम होता. सकाळची भवानी, म्हणजे पहिली विक्री, होईपर्यंत ती खोटं म्हणून बोलत नसे. तोवर सांगेल तो भाव खरा. आई मोठी हुशार, ती तिला सगळ्यांत आधी आमच्याच दाराशी बोलावून घेई. भवानी झाल्यावर मात्र हीच बाई शिळ्या बोंबलांना ताजे म्हणून शपथा घ्यायला मोकळी.

हा नेम मला सभेनंतरच्या सोमवारी आठवला. आठवला कसला, मी तो योजून वापरला. उजाडता उजाडता, शेटजींचा माणूस उठायच्या आत, मी कागद घेऊन तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. ती टोपली उचलायच्या बेतात होती. आत लेक कण्हत कुशीवर वळत होती.

"भाडं किती देतेस?" मी विचारलं.

तिने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दादा, आता नको इचारू. दुपारी ये, दुपारी सांगते."

तिला काय म्हणायचं होतं ते मला पुरतं समजलं होतं. तरी मी म्हणालो, "आत्ताच सांग."

"अडीच," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली.

एकीने अडीच सांगितल्यावर बाकीच्यांचा दीड टिकणार कसा? कचेरीतल्या साहेबाने सबंध चाळ अडीचच्या हिशेबाने धरली. शेटजींची पट्टी चांगलीच वाढली आणि साहेबाने माझी पाठ थोपटली. शेटजींनी तक्रारीचा एक शब्द न काढता पैसे भरले. महिनाभर मला वाटत होतं की सभेत जे बोललो ते करून दाखवणारा गिरगावात मी एकटाच. आज ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

पुढच्या महिन्याला शेटजींचा माणूस चाळीत फिरला. यापुढे भाडं सव्वातीन. पट्टीपायी जेवढं गेलं त्याहून कितीतरी जास्त शेटजींनी त्यात वसूल करून घेतलं. आणि कोळणीने महिनाअखेर खोली रिकामी करायची.

चाळीतल्या कोणी शेटजींना बोल लावला नाही. उलट सगळ्या बिऱ्हाडांनी कोळणीशी बोलणं टाकलं. नळावर तिची घागर पायाने बाजूला सारू लागले. छापखान्यात काम करणारा एकजण मला रस्त्यात अडवून म्हणाला, तुमचा तो न्याय आम्हाला महिन्याला पाऊण रुपयाला पडला.

मी शेटजींकडे गेलो. त्यांनी मला बसवून घेतलं, पान दिलं. मी म्हटलं, बाईचा काय दोष, तिची लेक आजउद्याची आहे.

"दोष कोण म्हणतो?" ते शांतपणे म्हणाले. "पट्टी वाढली, मी भरली. एक पै चुकवली नाही. भाडं किती घ्यावं, खोलीत कोणाला ठेवावं, याचा ठराव काही तुमच्या सभेत झाला नव्हता."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. कचेरीत मी हेडक्लार्कच्या पाया पडायचाच काय तो राहिलो. तो म्हणाला, आपण मालकाकडून पट्टी घेतो, मालक कोणाकडून काय घेतो हे बघणं आपलं काम नव्हे. आकारणी कमी करता येईल का, असंही मी विचारून पाहिलं. त्याने नुसतं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

महिना संपायला चारपाच दिवस उरले असताना कोळीण आमच्या मागच्या दारी आली. आई आत देवापाशी होती. बायको अजून लहान, माहेरीच होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मागच्या खोलीत सरपण, आईच्या लोणच्याच्या बरण्या आणि माझ्या जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एवढाच काय तो संसार होता.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मागची खोली महिनाभर दे. पोर मोकळी झाली का जातो आम्ही."

"बघतो," मी म्हणालो.

ती मान हलवून गेली. मी काही बघितलं नाही. मनाची समजूत घातली की आईचं सोवळं कडक, कोळणीच्या लेकीचं बाळंतपण ती घरात कसं होऊ देईल, विचारूनच कशाला तिला त्रास द्या. खरी गोष्ट वेगळी होती. आमची खोलीही शेटजींचीच होती आणि मला त्यांची भीती वाटत होती. पाच दिवस मी मागच्या दाराने बाहेर पडलो नाही. महिनाअखेर चाळीतली टोकाची खोली रिकामी झाली.

पुढे दीड महिना तिचा पत्ता नव्हता. मग एका दुपारी ती रिकामी टोपली घेऊन घरी परतताना आईला भेटायला म्हणून आली. मी रजेवर होतो, खिडकीशी बसलो होतो. आईने पोरीची चौकशी केली. आम्ही वरळीला दिराच्या दारी गेलो, ती सांगू लागली, पण त्याने घरात घेतलं नाही, जाळी ठेवायच्या पडवीत पोर बाळंत झाली. मुलगा झाला. तिसऱ्या रात्री थंडीने आखडला, सकाळी गेला.

आई मटकन खालीच बसली. "अगं, मग माझ्याकडे का नाही आलीस?" ती म्हणाली. "मागची खोली तशीच पडली होती. मी बरण्या आत घेतल्या असत्या. शेक दिला असता. एका शब्दाने सांगायचं होतंस."

कोळणीने माझ्याकडे पाहिलं.

"सुचलाच नाय, आये," ती म्हणाली. मग तिने डोक्याची चुंबळ नीट केली आणि पाणी मागितलं. आईने मला हाक मारून सांगितलं, आतून तांब्या आणून दे. मी आणून दिला.